कल्हईपासून किटपर्यंत

गणपती हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. आरतीच्या आधी किंवा भाषणाच्या सुरुवातीला हे वाक्य आपण नेहमी ऐकतो, पण त्या चौसष्ट कला कोणत्या, हे फारसे कुणी विचारत नाही. वात्स्यायनाने दिलेल्या यादीत गायन, नृत्य, चित्रकला यांच्याबरोबर ‘धातुवाद’ही आहे. धातू ओळखणे, गाळणे, एकमेकांत मिसळणे ही विद्या गाण्याच्या पंक्तीला बसवलेली आहे. आम्ही या लेखासाठी त्या मोठ्या विद्येतला एक लहानसा धागा घेतला आहे. धातूचे दोन तुकडे, त्यांच्यापेक्षा लवकर वितळणाऱ्या तिसऱ्या धातूने जोडणे, हा तो धागा. हे काम आपल्या लोकांनी कुणाकडून शिकले, कसे शिकले आणि पुढे शिकणार की नाही, एवढाच प्रश्न येथे आहे.

या कामाला आपल्याकडे नावे किती! सोनार ‘डाख’ म्हणतो. तांब्या-पितळेची भांडी करणारा ‘झाळ’ म्हणतो. आपल्या शेजारचे गुजराती कारागीर ‘रेण’ म्हणतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा ‘टाका मारतो’. डिप्लोमाला आणि आयटीआयला गेलेली मुले ‘सोल्डरिंग’ म्हणतात. सुरतेतल्या मराठी माणसाला ही पाचही नावे ऐकून माहीत असतात.

कल्हईवाल्याचे विज्ञान

खानदेशातल्या आपल्या गावांत, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे, कल्हईवाला आलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना सोल्डरिंगचे अर्धे शास्त्र आधीच माहीत आहे. तो जमिनीत खळगा करी, भाता लावी, कोळसा फुलवी. पितळी पातेले तापले की त्यावर नवसागर टाकी. पांढरा धूर निघे, नाकाला झोंबे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो असा हात फिरवी की काळवंडलेले भांडे चांदीसारखे उजळे.

यातली किमया नवसागरात आहे. धातूवर हवेने ऑक्साइडचा पातळ थर चढलेला असतो. तो असेपर्यंत वितळलेले कथील पाण्याच्या थेंबासारखे गोळा होऊन घरंगळते, पृष्ठभागाला धरत नाही. तापलेला नवसागर तो थर खाऊन टाकतो आणि कथील पसरते. सोनार डाख देताना हेच काम टाकणखाराकडून करून घेतो आणि फुंकणीने ज्योत नेमक्या जागी वळवतो. पत्र्याचे डबे झाळणारा तेजाब वापरी. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे काम राळ करते. चिडाच्या झाडाची ही राळ सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेली असते. तेजाब मागे राहिले तर ते बारीक तांबे हळूहळू कुरतडते, म्हणून रेडिओच्या कामात ते वर्ज्य झाले.

शिसे आणि कथील यांच्या मिश्रणात एक नवल आहे. कथील एकटे २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिसे एकटे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की ते १८३ अंशांनाच पाणी होते आणि थंड होताना त्याच अंशाला एकदम घट्ट होते. घरच्या टेबलावर, विजेच्या लहानशा कावीयेने, लहान मुलालाही हे काम जमते ते या प्रमाणामुळे. आजही कावीयेच्या टोकाला पहिल्यांदा सोल्डर लावून ते चकचकीत करतात. ती कल्हईच असते, फक्त तिला ‘टिनिंग’ म्हणतात.

घरातले कसब घराबाहेर

ही विद्या शतकानुशतके घराण्यांत राहिली. सोनाराचा मुलगा सोनाराकडे शिके, तांबटाचा तांबटाकडे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचे नावच सांगते की कसब, वस्ती आणि जात एकत्र नांदत होती. त्यामुळे कामात सफाई आली, हे खरे. पण शेतमजुराच्या हुशार मुलाला फुंकणी हातात धरायला मिळणे कठीण होते, आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. शिकण्यासाठी पुस्तक नव्हते, वर्ग नव्हता. बघून शिकायचे, आणि बघायला मिळण्यासाठी त्या घरात जन्मायचे.

हे दार किलकिले करण्याच्या कामी एका सुरतकराचा आणि एका मराठी राजाचा हात आहे, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ चा, सुरतेतला, सुतारकाम करणाऱ्या समाजातला. रसायनशास्त्र शिकून ते बडोद्यास गेले. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन सुरू झाले आणि गज्जर त्याचे प्रमुख झाले. कारागिरी वर्गात आणि कार्यशाळेत, तीही मातृभाषेतून शिकवावी, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके या कलाभवनाचेच विद्यार्थी. चाफेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, ते डाग काढण्यासाठी सरकारला शेवटी याच गज्जरांकडे यावे लागले. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये निघाली होती. स्वातंत्र्यानंतर, १९५० पासून आयटीआयची योजना आली आणि पुढे त्यात रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा स्वतंत्र विभाग झाला. कसब शिकवण्यासाठी शाळा असते, ही कल्पना या साठ वर्षांत रुजली.

रेडिओने लावलेला नाद

शाळेच्या आवाराबाहेर सोल्डरिंग पोहोचवले ते मात्र रेडिओने. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या काळी सर्वांत स्वस्त संच म्हणजे क्रिस्टल सेट. तारेचे वेटोळे, गॅलिना नावाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार आणि कानाला लावायचे हेडफोन. बॅटरीसुद्धा लागत नसे. अशा गॅलिनाच्या उपयोगाचे अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये आपल्या जगदीशचंद्र बसूंना मिळाले होते.

पण हौसेला कायद्याची वेसण होती. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ बाळगणे गुन्हा ठरवले. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यायचे, हे आजच्या साठीतल्या मंडळींना नक्की आठवत असेल. रेडिओ ही घरातली नोंदणी केलेली वस्तू होती. ती उघडून आत हात घालणारा पोरगा म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. काचेच्या तापणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी शेंगदाण्याएवढा तुकडा आला. दोनशे-अडीचशे व्होल्टांच्या जागी टॉर्चचे सेल पुरू लागले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता, कारण चुकले तरी शॉक बसण्याची भीती गेली.

याच सुमारास मुंबईत सोल्डरिंगचा एक पराक्रम घडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या गटाने देशी बनावटीचा इलेक्ट्रॉनिक संगणक उभारला. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. प्रत्येक रेझिस्टरला दोन टोके. म्हणजे नुसत्या रेझिस्टरची टोकेच पंचवीस हजार! त्यांतला एखादा टाका कच्चा राहिला तर गणित चुकणार. संगणक म्हटले की आपण बुद्धीचे कौतुक करतो. त्या बुद्धीखाली हाताच्या कामाचा एवढा मोठा पाया होता.

दुसरीकडे हे काम मराठी घरांत पगाराच्या रूपाने येऊ लागले. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीचे क्षेत्र स्थापन झाले आणि तेथील जोडणीच्या कामावर मोठ्या संख्येने मुली आणि स्त्रिया लागल्या. सकाळच्या लोकलने जाऊन दिवसभर भिंगाखाली टाके मारणाऱ्या या बायांची नावे कुठल्या इतिहासात नाहीत. सोनाराच्या फुंकणीपासून ज्यांना शतकानुशतके दूर ठेवले, त्यांच्या हाती एका पिढीत कावीया आला, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

पिशवीतला गुरू

आता किटकडे येऊ. अमेरिकेतील हीथ कंपनी आधी जोडणीच्या विमानांचे संच विकत असे. महायुद्ध संपल्यावर लष्कराचे उरलेले इलेक्ट्रॉनिक सामान तिने स्वस्तात घेतले आणि १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचे किट साडेएकोणचाळीस डॉलरला विकायला काढले. सुटे भाग, आकृत्या आणि ‘हे करा, मग खूण करा’ अशी पायरीपायरीची पुस्तिका. गुरू समोर नसला तरी काम पूर्ण होईल, अशी त्या पुस्तिकेची रचना होती. तिची ती पद्धतच पुढे जगभर किटची पद्धत झाली.

आपल्याकडे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ मध्ये दिल्लीहून निघाले. ‘इलेक्टर’ या युरोपीय मासिकाची भारतीय आवृत्ती १९८३ मध्ये मुंबईहून, ग्रँट रोडजवळून निघू लागली. त्यातले सर्किट वाचायचे आणि सामान आणायला लॅमिंग्टन रोडला जायचे. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण रेझिस्टर घेणारा कुणी ते नाव घेत नाही. सुरतेच्या मुलांना हा रस्ता फ्लाइंग राणीमुळे जवळचा होता. पहाटे गाडीत बसायचे, मुंबई सेंट्रलला उतरायचे, तिथून लॅमिंग्टन रोड चालण्याच्या अंतरावर. दुपारपर्यंत यादीवरच्या सगळ्या वस्तूंवर खुणा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. शिवाय ज्यांना मुंबईला जाता येत नसे त्यांच्यासाठी पोस्टाने किट येत.

किट म्हणजे काय, तर प्लॅस्टिकची एक पिशवी. आत तांबड्या-तपकिरी रंगाची छापील सर्किटची पट्टी, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, दोन-चार कपॅसिटर, एक-दोन आयसी, एलईडी, नऊ व्होल्टच्या बॅटरीचे टोपण आणि झेरॉक्स केलेला कागद. नवशिक्यांत सर्वांत आवडते ते धावत्या दिव्यांचे किट. त्यात ५५५ नावाचा टायमर असतो. हान्स कामेन्झिंड यांनी रचलेला हा आयसी १९७२ मध्ये बाजारात आला आणि आजही बनतो आहे. तो ठरावीक वेळाने ठोके देतो. शेजारचा ४०१७ हा आयसी ते ठोके मोजतो आणि दहा पायांपैकी एकेकावर आळीपाळीने वीज सोडतो. दहा एलईडी एकामागून एक लागतात आणि उजेड धावल्यासारखा दिसतो. गणपतीच्या मखराभोवती फिरणाऱ्या दिव्यांचे मूळ तत्त्व हेच.

टाका मारण्याची रीत सांगायला सोपी आहे. कावीयेचे टोक ओल्या स्पंजवर पुसून घ्या. ते भागाच्या पायाला आणि खालच्या तांब्याला एकाच वेळी टेकवा. दोन्ही तापू द्या. मग सोल्डरची तार कावीयेला न लावता तापलेल्या जोडाला लावा. ती वितळून आपोआप पायाभोवती चढेल. आधी तार काढा, मग कावीया. सगळे मिळून दोन-तीन सेकंद. थंड होईपर्यंत हलवू नका. चांगला टाका लहानशा डोंगरासारखा, चकचकीत, कडेला निमुळता दिसतो. कच्चा टाका गोळ्यासारखा किंवा मळकट, दाणेदार दिसतो. पहिले पाच टाके बहुधा कच्चे येतात, विसाव्यापर्यंत हात बसतो. हाताला हे वजन, ही वेळ कळणे कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

कच्च्या टाक्याचा अनुभव तसा प्रत्येक घराने घेतला आहे. जुना टीव्ही मध्येच बंद पडे आणि वडील उठून त्याच्या डोक्यावर एक थाप मारत. चित्र परत येई! ती जादू नव्हती. आत कुठेतरी एका टाक्याला उष्णतेने बारीक चीर गेलेली असे. थापेने दोन कडा क्षणभर जुळत. ज्याला टाका मारता येई तो मागचे झाकण काढून ती चीर शोधी. बाकीचे वर्षानुवर्षे थापा मारत.

किटने जे केले ते येथे स्पष्ट होते. जी विद्या मिळण्यासाठी विशिष्ट घरात जन्मावे लागत होते, ती पिशवीत घालून विकायला ठेवली गेली. दुकानदार जात विचारत नव्हता, मुलगा की मुलगी विचारत नव्हता, मार्कही विचारत नव्हता. यादी वाचता यावी, एवढीच अट होती.

पाबळचा धडा

हे काम शिक्षणाच्या मध्यभागी आणून बसवण्याचा सर्वांत मोठा मराठी प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात शास्त्रज्ञ होते. ते सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या, नापासाचा शिक्का बसलेल्या ग्रामीण मुलांना शेती, बांधकाम, वेल्डिंग, वीज अशी खरी कामे देऊन त्यातून विज्ञान शिकवायचे, ही त्यांची पद्धत. हाताने काम करताना बुद्धी आपोआप कामाला लागते, या विश्वासावर आश्रम उभा राहिला. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. आश्रमाच्या अनुभवातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला जातो.

नवागामच्या अंगणात

आता आपल्याकडे पाहू. ताप्ती खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. त्याच ताप्ती लाइनने पुढे आपली माणसे उधना-लिंबायत-डिंडोली-नवागामला आली आणि यंत्रमागावर, डाइंग मिलमध्ये राबली. त्या काळच्या मागात लोखंड आणि लाकूड होते. बिघाड कानाने ऐकू येई. आजच्या भरतकामाच्या यंत्रात, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डात, नव्या मागात जागोजागी सर्किटच्या पाट्या आहेत. यंत्र थांबले की कारखान्याचा पगारही थांबतो. अशा वेळी येणारा मेकॅनिक बहुतेकदा अख्खी पाटी बदलतो आणि बिल तिच्या किमतीचे होते. पाटी उघडून त्यातला एक फुगलेला कपॅसिटर किंवा तडकलेला टाका शोधणारा हात विरळा झाला आहे. तो हात आपल्या गल्लीतल्या मुलाचा किंवा मुलीचा असायला काय हरकत आहे?

सरकारी पातळीवर प्रयत्न नाहीत असे नाही. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांसोबत घालवण्याची सूचना आहे. २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने समिती नेमली. हे सगळे चांगलेच आहे. फक्त आजच्या बहुतेक किटमध्ये भाग ब्रेडबोर्डच्या भोकांत खोचायचे असतात. तास संपला की उपटायचे आणि डब्यात टाकायचे. कल्पना शिकायला ते उत्तम. पण आपण केलेली वस्तू घरी नेऊन आजीला दाखवण्याचा आनंद त्यात नाही, आणि पक्का जोड कसा असतो हेही हाताला कळत नाही. खोचणे पहिली इयत्ता मानली, तर टाका मारणे दुसरी. आपली मुले पहिलीतच थांबू नयेत.

म्हणून आम्ही मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधीच्या दोन रविवारी सभागृहात सोल्डरिंगचा वर्ग ठेवावा. पंचवीस वॉटच्या दहा कावीया, त्यांचे स्टँड, दहा किट, एक मल्टिमीटर. एका वेळी दहा मुले-मुली, सहावीपासून पुढची. शिकवायला आपल्याच वस्तीतले आयटीआय आणि डिप्लोमा झालेले तरुण. एका मुलामागचा खर्च चार जणांनी सिनेमाला जाण्याएवढाही येणार नाही आणि कावीया वर्षानुवर्षे टिकतील. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतल्या मुलांना आधी बोलवावे.

काळजी मात्र घ्यावी. खिडक्या उघड्या, पंखा चालू, कारण राळेचा धूर डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतो. सुती कपडे, केस बांधलेले, शक्य तर डोळ्यांवर साधा चष्मा. कावीया नेहमी स्टँडवर. शिसे पोटात गेले तर मुलांना फार घातक, म्हणून टेबलावर खाणे-पिणे बंद आणि वर्ग सुटल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. युरोपने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाचे सोल्डर जवळपास बंदच केले. बिनशिशाचे सोल्डर थोडे महाग असते आणि २१७ अंशांच्या पुढे वितळते, पण मुलांच्या वर्गासाठी आपण तेच घ्यावे.

आणि त्या दहा-वीस पोरांनी केलेले धावते दिवे बाप्पाच्या मखराला लावावेत. भाड्याने आणलेल्या रोषणाईपुढे ते कदाचित फिके दिसतील. एखादी माळ मध्येच बंद पडेल. तेव्हा तिच्यावर थाप मारायला कुणी धावणार नाही, सहावीतली एखादी पोर कावीया घेऊन येईल आणि कच्चा टाका शोधेल. चौसष्ट कलांच्या अधिपतीला याहून चांगली आरास कोणती आवडेल?

गणपती बाप्पा मोरया!